मल्टिमोड फायबर, स्पेकल आणि मशीन लर्निंग : तरंगलांबी व ध्रुवण मापनाच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

दोन मीटर लांबीच्या मल्टिमोड फायबरच्या टोकातून बाहेर पडणारा लेसरचा प्रकाश कॅमेऱ्यावर जी ठिपक्यांची नक्षी उमटवतो, तिच्यावरून त्या प्रकाशाची तरंगलांबी ओळखणे आणि पुढच्या टप्प्यात त्याचे ध्रुवणही (प्रकाशलहरीच्या कंपनाची रीत) मोजणे, हे या प्रकल्पाचे काम आहे. जाड गाभ्याच्या फायबरमधून प्रकाश एकाच वेळी हजारो मोडमधून, म्हणजे प्रवासाच्या ठरावीक रचनांमधून, वाहतो. प्रत्येक मोडचा वेग किंचित वेगळा असल्यामुळे टोकाशी पोहोचेपर्यंत त्यांच्या कला (लहरीच्या आवर्तनातील टप्पे) एकमेकींपासून दूर गेलेल्या असतात, आणि त्या सर्वांच्या व्यतिकरणातून स्पेकल म्हणजेच तेजस्वी व काळ्या ठिपक्यांची नक्षी तयार होते. ही नक्षी गोंधळलेली दिसली तरी ती यादृच्छिक नसते. फायबर, प्रकाश आत शिरण्याची दिशा, तरंगलांबी आणि ध्रुवण तेच राहिले तर नक्षीही तीच राहते, आणि यांपैकी एक गोष्ट बदलली की ती ठरावीक रीतीनेच बदलते. आमचे सगळे काम या निश्चिततेवर उभे आहे.

या वाटेवर आधी झालेले काम भक्कम आहे. येल विद्यापीठातील ब्रँडन रेडिंग आणि हुई काव यांनी २०१२ सालापासून मल्टिमोड फायबरचा वर्णपटमापी म्हणून उपयोग करून दाखवला आणि २०१४ पर्यंत १०० मीटर फायबर वापरून १५०० नॅनोमीटरच्या आसपास १ पिकोमीटरची (नॅनोमीटरच्या हजाराव्या भागाची) विभेदन क्षमता, म्हणजे दोन जवळच्या तरंगलांबी वेगळ्या ओळखण्याची क्षमता, गाठली. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठातील गटाने स्पेकलवरून एकाच लेसररेषेची तरंगलांबी २०१७ मध्ये फेम्टोमीटरपेक्षाही (पिकोमीटरचा हजारावा भाग) सूक्ष्म आणि २०१९ मध्ये फायबर वापरून ॲटोमीटरच्या (फेम्टोमीटरचा हजारावा भाग) पातळीवर ओळखून दाखवली. मोजणी किती सूक्ष्म होऊ शकते हे सिद्ध झालेलेच आहे. आज केलेले मापन काही आठवड्यांनीही विश्वासार्ह राहावे यासाठी काय काय सांभाळावे लागते, हे पाहण्यावर आमचा भर आहे.

६ फेब्रुवारी

जुळणीच्या आधीचे हिशेब. फायबरचा गाभा १०५ मायक्रोमीटर, आवरण १२५ मायक्रोमीटर आणि न्यूमरिकल अपर्चर (फायबर किती रुंद कोनातून प्रकाश घेते याचे माप) ०.२२ आहे. लेसर ७८० नॅनोमीटरचा, बाह्य पोकळीचा डायोड लेसर. या आकड्यांवरून व्ही-संख्या (फायबरमध्ये किती मोड मावतात हे ठरवणारी संख्या) सुमारे ९३ येते, आणि तिच्या वर्गाच्या निम्मे म्हणजे दोन्ही ध्रुवणे धरून साधारण ४,३०० मोड मिळतात.

सर्वांत वेगवान आणि सर्वांत मंद मोडच्या परिणामी अपवर्तनांकांतील फरक सुमारे ०.०१७ येतो. तरंगलांबीच्या वर्गाला हा फरक आणि फायबरची लांबी यांच्या गुणाकाराने भागले की नक्षी ओळखू न येण्याइतकी बदलायला तरंगलांबी किती सरकावी लागेल याचा अंदाज मिळतो. दोन मीटरसाठी तो अंदाजे १८ पिकोमीटर, म्हणजे वारंवारतेत सुमारे ९ गिगाहर्ट्‌झ आहे. दर मिलिमीटरला १,२०० रेषा असलेल्या विवर्तन जालकावर ५० मिलिमीटर रुंदीची शलाका पाडली तर पहिल्या क्रमात याच तरंगलांबीला मिळणारी विभेदन क्षमता १३ पिकोमीटर असते. टेबलाचा मोठा भाग व्यापणारे ते उपकरण आणि तळहातावर मावणारे हे वेटोळे एकाच पंक्तीत बसतात, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

११ फेब्रुवारी

जुळणी पूर्ण झाली. लेसरचा प्रकाश आधी ध्रुवण राखणाऱ्या सिंगल मोड (एकच मोड वाहणाऱ्या) फायबरमधून जातो आणि तिथून मल्टिमोड फायबरमध्ये शिरतो. हा मधला तुकडा वगळून चालणार नाही. लेसरच्या शलाकेची दिशा केसभर सरकली तरी मल्टिमोड फायबरमधील मोडांचे वाटप बदलते आणि नक्षी बदलते, आणि तो बदल तरंगलांबीमुळे झाला की दिशेमुळे हे नुसत्या चित्रावरून सांगता येत नाही. सिंगल मोड फायबरमधून प्रकाश एकाच आकारात बाहेर पडत असल्यामुळे दिशेतील चळ केवळ तीव्रतेत उतरतो आणि तो भागाकाराने काढून टाकता येतो. मल्टिमोड फायबर ॲल्युमिनियमच्या रिळावर गुंडाळून जागोजाग चिकटवले आहे आणि रिळाला थर्मिस्टर (तापमान मोजणारा संवेदक) लावला आहे.

१४ फेब्रुवारी

कॅमेऱ्याचा संवेदक फायबरच्या टोकापासून २० मिलिमीटर अंतरावर आहे. तिथे प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास सुमारे ८.८ मिलिमीटर आणि एका ठिपक्याची रुंदी ०.१५ मिलिमीटर, म्हणजे ३.४५ मायक्रोमीटरच्या ४३ पिक्सेलांइतकी येते. एवढ्या बारकाईची गरज नसल्यामुळे आठ बाय आठ पिक्सेल एकत्र केले. आता एका ठिपक्याच्या रुंदीत पाचहून थोडे अधिक नमुने पडतात आणि संगणकावरचा भारही हलका होतो.

संवेदकापुढे ध्रुवक ठेवल्यावर ठिपक्यांची तीव्रता घातांकी वितरणाप्रमाणे विखुरलेली मिळाली. या वितरणात थोडे ठिपके सरासरीच्या कितीतरी पट तेजस्वी असतात, त्यामुळे कॅमेऱ्याच्या क्षमतेच्या अर्ध्यावर सरासरी ठेवली तर बरेच पिक्सेल संपृक्त होतात, म्हणजे त्यांची क्षमता भरून जाते. सरासरी एक षष्ठांशावर ठेवली की संपृक्त पिक्सेलांचे प्रमाण चारशेत एकाच्या आसपास उरते. उघडीपीचा काळ (एक्स्पोजर) त्यानुसार कायम केला आहे आणि तो आपोआप बदलणारी कॅमेऱ्यातील सोय बंद ठेवली आहे.

१९ फेब्रुवारी

लेसरची तरंगलांबी हळूहळू सरकवत पहिल्या नक्षीशी पुढच्या प्रत्येक नक्षीचा सहसंबंध, म्हणजे साम्याचे माप, काढला. आलेख अपेक्षेप्रमाणे घंटाकार आहे आणि त्याची रुंदी हिशेबापेक्षा थोडी जास्त आहे. सिंगल मोड फायबरच्या अरुंद शलाकेमुळे मधले मोड अधिक आणि कडेचे मोड कमी चेतवले जातात, म्हणून वेगातील प्रत्यक्ष फरक पूर्ण कमाल फरकाहून कमी पडतो. रुंदी वाढण्याचे कारण हेच असावे. दोन फायबरांचा जोड मुद्दाम थोडा बाजूला सरकवला तेव्हा कडेचे मोडही चेतले आणि रुंदी कमी झाली. जोड त्याच स्थितीत पक्का केला.

२५ फेब्रुवारी

आता लेबलांचा प्रश्न. नक्षीवरून तरंगलांबी ओळखायला शिकणाऱ्या मॉडेलला प्रशिक्षणात प्रत्येक नक्षीसोबत खरी तरंगलांबी (लेबल) द्यावी लागते, आणि ती जितकी पक्की तितकेच मॉडेलचे उत्तर पक्के राहणार. मूळ खूण म्हणून रुबिडियमच्या वाफेची कुपी घेतली आहे. रुबिडियमची डी-२ रेषा ७८०.२४ नॅनोमीटरला असते, आणि लेसर तिच्यावरून सरकवला की ८५ व ८७ या दोन समस्थानिकांमुळे शोषणाच्या चार खाचा दिसतात. ८७ समस्थानिकाच्या मूळ पातळीतील दोन अतिसूक्ष्म स्तरांमधले अंतर ६.८३५ गिगाहर्ट्‌झ आणि ८५ चे ३.०३६ गिगाहर्ट्‌झ आहे. हे निसर्गाने दिलेले आकडे आहेत, ते कुणालाही जुळवून घ्यावे लागत नाहीत. खाचांच्या मधली मोजपट्टी समोरासमोरच्या आरशांमध्ये १०० मिलिमीटर अंतर असलेल्या फाब्री-पेरो पोकळीकडून मिळते. तिची शिखरे दर १.५ गिगाहर्ट्‌झला, म्हणजे या तरंगलांबीपाशी सुमारे ३ पिकोमीटरला येतात.

आजच्या बैठकीत एक नियम ठरवून लिहून ठेवला. प्रशिक्षणाच्या आणि चाचणीच्या नक्षी यादृच्छिक पद्धतीने वेगळ्या करायच्या नाहीत. एका सत्रात घेतलेल्या सर्व नक्षी एकत्रच राहतील, आणि चाचणी नेहमी पूर्णपणे वेगळ्या दिवशीच्या सत्रावर होईल. एकापाठोपाठ घेतलेल्या दोन फ्रेममध्ये खोलीचे तापमान, फायबरवरचा ताण आणि लेसरचा चळ जवळजवळ सारखाच असतो. त्यांतील एक प्रशिक्षणात आणि दुसरी चाचणीत गेली, तर मॉडेलला उत्तराची जवळपास नक्कलच हाती लागते आणि त्रुटी फसवी लहान दिसते. यादृच्छिक वाटणीवरची त्रुटी आम्ही तुलनेपुरती काढू, पण यंत्राची क्षमता म्हणून ती कुठेही नोंदवणार नाही.

४ मार्च

पहिली मॉडेले तयार झाली. तीन रीती घेतल्या : मुख्य घटक विश्लेषण (नक्षीतील सर्वांत मोठे बदल थोड्या आकड्यांत मांडणारी रीत) आणि त्यावर साधे समाश्रयण (रिग्रेशन), थेट सर्व पिक्सेलांवर रिज समाश्रयण (गुणक फार मोठे होऊ न देणारे समाश्रयण), आणि कॉन्व्होल्यूशनल न्यूरल नेटवर्क (चित्रांसाठीचे अनेक थरांचे मॉडेल).

मुख्य घटकांची आकृती पाहण्यासारखी आहे. तरंगलांबी काही पिकोमीटरच्या आत सरकली तर पहिल्या दोन घटकांच्या प्रतलावर बिंदू जवळजवळ सरळ रेषेत चालतात. सहसंबंधाच्या रुंदीच्या जवळ गेल्यावर ती रेषा वळू लागते आणि पुढे इतर घटकांच्या दिशांमध्ये शिरते. एकाच रेषेची तरंगलांबी १८ पिकोमीटरपेक्षा कितीतरी सूक्ष्म का ओळखता येते, याचे उत्तर या वक्रात आहे. दोन जवळच्या रेषा वेगळ्या दिसणे ही विभेदनाची गोष्ट आहे आणि तिला सहसंबंधाची रुंदी आडवी येते. एका रेषेचे स्थान ठरवणे म्हणजे या वक्रावरील एक बिंदू शोधणे, आणि तिथे मर्यादा गोंगाटाची असते.

गोंगाटाचा हिशेबही करून ठेवला. एका पिक्सेलची क्षमता सुमारे १०,००० इलेक्ट्रॉन, सरासरी तिच्या एक षष्ठांश, आणि वर्तुळातील सर्व पिक्सेल मिळून अब्जावधी इलेक्ट्रॉन. केवळ प्रकाशकणांच्या संख्येतील चढउतार लक्षात घेतला तर एका फ्रेमवरून तरंगलांबी एका फेम्टोमीटरच्याही आत ठरवता यायला हवी.

११ मार्च

वेगळ्या दिवशीच्या सत्रांवर चाचणी घेतली. यादृच्छिक वाटणीवर नेटवर्क तिघांत सरस होते. दिवस बदलल्यावर मात्र त्याचा वरचष्मा संपला आणि तिन्ही रीतींची त्रुटी सारख्याच पातळीवर आली. शिवाय ही त्रुटी विखुरलेली नाही. एका सत्रातील जवळपास सर्व उत्तरे एकाच बाजूला, एकाच अंतराने सरकलेली आहेत, आणि तिन्ही मॉडेलांमध्ये ती बाजू एकच आहे. हे अंतर सत्रागणिक थर्मिस्टरच्या आकड्यासोबत चालते. म्हणून नेटवर्कचे थर वाढवण्याचा प्रस्ताव तूर्त बाजूला ठेवला. तीन अगदी वेगळ्या रीती एकाच दिशेने एवढ्याच चुकत असतील तर कारण प्रकाशात किंवा फायबरमध्ये शोधावे लागते.

१३ मार्च

तापमानाचा हिशेब सविस्तर मांडतो, कारण या प्रकल्पाचा कणा इथे आहे.

दोन मोडांमधील कलेचा फरक तरंगलांबी आणि फायबरची लांबी यांच्या गुणाकाराशी सम प्रमाणात, आणि अपवर्तनांक व गाभ्याच्या त्रिज्येचा वर्ग यांच्या गुणाकाराशी व्यस्त प्रमाणात असतो. काच तापली की लांबी आणि त्रिज्या दोन्ही अगदी थोड्या वाढतात. सिलिकाचे रेखीय प्रसरण दर अंशाला दशलक्षात अर्ध्या भागाएवढेच आहे. अपवर्तनांक मात्र दर अंशाला एक लाखांशाने वाढतो. सगळे एकत्र केले की एक अंश तापमानवाढीचा परिणाम तरंगलांबी दशलक्षात सात ते साडेसात भागांनी घटल्यासारखा होतो. ७८० नॅनोमीटरला हे सुमारे ५.८ पिकोमीटर भरते. सत्रांमधील सरकही याच दिशेची आणि याच आकारमानाची आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की या समतुल्य सरकेत फायबरची लांबी कुठेच उरत नाही. दोन मीटरऐवजी शंभर मीटर फायबर घेतले तर विभेदन पन्नास पटीने सुधारेल, पण तापमानामुळे येणारी चूक पिकोमीटरमध्ये तेवढीच राहील. लांब फायबर घेणे हा या दुखण्यावरचा उपाय नाही.

दुसरी गोष्ट मशीन लर्निंगच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. तापमानाने सरकलेली नक्षी आणि तरंगलांबीने सरकलेली नक्षी जवळजवळ एकच असते. मुख्य घटकांच्या वक्रावर दोन्ही कारणे बिंदूला त्याच वाटेने पुढे-मागे नेतात. निरनिराळ्या तापमानांच्या नक्षी प्रशिक्षणात मिसळून मॉडेलला तापमानाबाबत कणखर बनवावे, ही नेहमीची सूचना म्हणूनच इथे लागू पडत नाही. एकच चित्र दोन वेगवेगळ्या लेबलांसह दाखवले तर मॉडेल त्यांची सरासरी शिकते आणि आपली अनिश्चितता तेवढी वाढवून घेते. फायबरवरच्या लेपामुळे येणारा ताण या दोन कारणांमध्ये किंचित फरक निर्माण करतो खरा, पण तेवढ्या धाग्यावर मापन टांगणे मला मान्य नाही. चित्रात जी माहिती उतरलेलीच नाही ती कितीही खोल नेटवर्क काढून देणार नाही. ती बाहेरूनच आणली पाहिजे.

तापमान कितपत स्थिर ठेवावे लागेल, हाही हिशेब करून पाहिला. एक पिकोमीटरसाठी ०.१७ अंश पुरतात आणि ते सोपे आहे. एका फेम्टोमीटरसाठी ०.१७ सहस्रांश अंश लागतात, आणि फायबर ठेवलेल्या आमच्या पेटीला ते जमणारे नाही.

२० मार्च

उपाय म्हणून दुसरा लेसर आणला. तो रुबिडियमच्या रेषेला बांधून ठेवला आहे आणि ऑप्टिकल स्विचमधून मोजायच्या लेसरच्या पाळीपाळीने त्याच सिंगल मोड फायबरमध्ये, आणि तिथून त्याच मल्टिमोड फायबरमध्ये जातो. एक फ्रेम संदर्भाची, पुढच्या काही फ्रेम मोजणीच्या, मग पुन्हा संदर्भाची, असा क्रम आहे. संदर्भाची खरी तरंगलांबी ठाऊक असल्यामुळे मॉडेल तिला जेवढे चुकीचे सांगते तेवढी त्या क्षणीची फायबरची सरक असते, आणि ती मोजणीच्या उत्तरातून वजा करता येते. तापमानाचा परिणाम तरंगलांबीच्या प्रमाणात असल्यामुळे आणि आमचा सगळा पल्ला ७८० नॅनोमीटरच्या आसपास असल्यामुळे एकच संदर्भ पुरेसा आहे.

२७ मार्च

संदर्भ जोडल्यानंतरच्या सत्रांमध्ये सर्व उत्तरे एका बाजूला झुकण्याचा प्रकार थांबला. उरलेली त्रुटी दोन्ही बाजूंना विखुरलेली आहे आणि तिचा थर्मिस्टरशी संबंध दिसत नाही. पेटीचे झाकण मुद्दाम उघडे ठेवून घेतलेल्या सत्रात दोन संदर्भांच्या मधल्या काळात तापमान वेगाने बदलले, तेव्हा त्रुटी पुन्हा वाढली. संदर्भाची पाळी अधिक लवकर आणल्यावर ती खाली आली. संदर्भ किती वेळाने घ्यायचा हे आता पेटीतील तापमान बदलण्याच्या गतीवरून ठरवतो.

मॉडेलची निवडही आज पक्की केली. सूक्ष्म मोजणी मुख्य घटक विश्लेषण आणि समाश्रयणानेच होईल. वक्र गुळगुळीत असल्यामुळे तिथे नेटवर्क अधिक काही देत नाही आणि त्याच्या उत्तराची कारणमीमांसा करणे कठीण जाते. पल्ला एका नॅनोमीटरपर्यंत वाढवला की मात्र चित्र पालटते. तिथे वक्र सहसंबंधाच्या रुंदीच्या पन्नासहून अधिक पट लांब होतो आणि साध्या समाश्रयणाच्या आवाक्याबाहेर जातो. म्हणून आधी नेटवर्क कोणता तुकडा आहे ते सांगते आणि मग त्या तुकड्यासाठी तयार केलेले सूक्ष्म मॉडेल नेमके स्थान काढते.

३ एप्रिल

फायबरला धक्का लागला किंवा वाकण बदलले तर काय होते, ते तपासले. वाकण बदलल्याने मोडांमधील देवाणघेवाणच बदलते आणि नक्षी ओळखीचा वक्र सोडून भलत्याच दिशेला जाते. इथे मुख्य घटकांची रीत उपयोगी पडते : नवी नक्षी जतन केलेल्या घटकांतून पुन्हा उभी करून मूळ नक्षीशी तुलना केली की जे अवशेष उरतात, ते तापमान बदलल्यावर लहान राहतात आणि वाकण बदलल्यावर एकदम वाढतात. अवशेष ठरावीक मर्यादेपलीकडे गेले तर यंत्र आकडा देणार नाही, नव्याने अंशांकन (ज्ञात मूल्यांशी जुळवणी) मागेल.

१५ एप्रिल

दोन रेषांची चाचणी घेतली. दोन लेसर एकाच वेळी फायबरमध्ये सोडले की कॅमेऱ्यावर दोन नक्षींची नुसती बेरीज दिसते, कारण त्यांच्यातील काही गिगाहर्ट्‌झच्या वारंवारतेचे ठोके मिलिसेकंदांच्या उघडीपीत पूर्ण पुसले जातात. म्हणजे नक्षी ही अंशांकनाच्या मॅट्रिक्सचा आणि वर्णपटाचा गुणाकार आहे, आणि वर्णपट काढायचा तर मॅट्रिक्स उलटवावे लागते. सरळ उलटवले तर मॅट्रिक्सच्या लहान विलक्षण मूल्यांमुळे (सिंग्युलर व्हॅल्यू) गोंगाट प्रचंड फुगतो, म्हणून ती मूल्ये कापून टाकली आणि वर्णपट कुठेही ऋण होऊ नये अशी अट घातली. रेषांमधील अंतर सहसंबंधाच्या रुंदीहून जास्त असेपर्यंत दोन्ही स्वच्छ मिळतात. जवळ आल्यावर एकच रुंद उंचवटा दिसतो.

रेषांची संख्या वाढत जाईल तसा नक्षीचा कॉन्ट्रास्ट रेषांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो, त्यामुळे सलग, रुंद वर्णपटासाठी ही रचना योग्य नाही. मोजक्या अरुंद रेषा हेच तिचे क्षेत्र आहे, आणि अहवालात हे पहिल्याच पानावर यायला हवे.

२८ एप्रिल

ध्रुवणाचा टप्पा सुरू केला. ध्रुवण राखणारे फायबर काढून त्याजागी साध्या सिंगल मोड फायबरचा आखूड, सरळ ताणलेला तुकडा लावला. ध्रुवण बदलणारी तरंगपट्टिका फिरवताना शलाका किंचित डोलते आणि तो दोष हा तुकडा गाळून टाकतो. तो स्वतः ध्रुवण वळवतो, पण ते वळण स्थिर असल्यामुळे अंशांकनात सामावून जाते.

इथले गणित फार सुंदर आहे. तरंगलांबी कायम असेल तर प्रत्येक पिक्सेलवरील तीव्रता ही येणाऱ्या प्रकाशाच्या चार स्टोक्स राशींची (तीव्रता आणि ध्रुवण सांगणारे चार आकडे) रेषीय बेरीज असते. म्हणून प्रत्येक पिक्सेलसाठी चारच गुणक शोधायचे असतात आणि त्यासाठी चार स्वतंत्र ध्रुवण अवस्था पुरतात. आम्ही सहा घेतल्या : आडवी, उभी, दोन्ही बाजूंना पंचेचाळीस अंशांच्या, आणि उजवी व डावी वर्तुळाकार. या सहांमध्ये एक अंगभूत पडताळा दडलेला आहे. परस्परलंब अवस्थांच्या प्रत्येक जोडीची बेरीज अध्रुवित प्रकाशाइतकी असते, म्हणून तिन्ही जोड्यांच्या नक्षींची बेरीज प्रत्येक पिक्सेलवर सारखीच आली पाहिजे. शक्तीतील लहान फरकासाठी प्रत्येक फ्रेमला एक गुणक मोकळा ठेवून हा पडताळा घेतला आणि तिन्ही बेरजा गोंगाटाच्या आत जुळल्या. न्यूरल नेटवर्कची इथे मुळीच गरज नाही. लघुतम वर्गांची रीत (चुकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी करणारी) पुरते, आणि तिच्यासोबत प्रत्येक राशीची अनिश्चितताही मिळते.

९ मे

तरंगलांबी आणि ध्रुवण दोन्ही अज्ञात असताना मोजायचे, तर चार गुणकांचा हा संच प्रत्येक तरंगलांबीसाठी वेगळा लागतो. सहसंबंधाच्या रुंदीच्या एक पंचमांशाएवढ्या, म्हणजे साधारण साडेतीन पिकोमीटरच्या पावलांनी संच घेतले तर मधल्या तरंगलांबींचे गुणक अंतर्वेशनाने (शेजारच्या संचांवरून अंदाज बांधून) मिळू शकतात. शोध दोन पातळ्यांवर चालेल : प्रत्येक संभाव्य तरंगलांबीसाठी स्टोक्स राशी लघुतम वर्गांनी काढायच्या, आणि जिथे अवशेष सर्वांत कमी तिथे तरंगलांबी निश्चित करायची. मिळालेल्या राशींनी भौतिक अट पाळली पाहिजे. ध्रुवित भाग एकूण तीव्रतेपेक्षा जास्त निघाला तर ते उत्तर बाद.

संदर्भ लेसरचे ध्रुवण स्विचमधून येताना स्थिर राहील याची खात्री आधी करावी लागेल. त्याचे ध्रुवण चळले तर ती सरक तापमानाच्या नावावर जमा होईल आणि मोजणीतून चुकीची वजाबाकी होईल. म्हणून संदर्भाच्या वाटेवर स्विचनंतर, दोन्ही वाटा एकत्र येण्याआधी, स्वतंत्र ध्रुवक बसवण्याचे काम प्रथम घेतले आहे. त्यानंतर ४० पिकोमीटरच्या पल्ल्यात, प्रत्येक पावलावर सहा अवस्था आणि त्यांच्या आधी व नंतर एकेक संदर्भ फ्रेम, अशा क्रमाने अंशांकनाचे सत्र होईल. चाचणीचे सत्र नियमाप्रमाणे वेगळ्या दिवशी घेतले जाईल.